संगीताचे नियतकालिक : मुलांचा एक उपक्रम

ज्युबिली स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी सूचना ट्रस्टच्या चालक मंडळींनी केली तेव्हा आम्ही आधी थोडे संकोचलो. स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा यावा, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद यावेत, हिशेबाची पाने यावीत. तेथे एका शाळामास्तराने काय लिहावे? परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ट्रस्टच्या रविवारच्या मराठी वर्गातील मुलांनी संगीताला वाहिलेले एक छोटे नियतकालिक स्वतः आखले, लिहिले आणि छापून घेतले. त्याच्या प्रती पुष्कळ सभासदांच्या घरी गेल्या आहेत. ‘हे मुलांनी केले तरी कसे?’ असे अनेकांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे द्यावे, म्हणजे पुढे ज्यांना असा उद्योग करावयाचा असेल त्यांच्याही ते उपयोगी पडेल, असे मनात आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ

मानपूर हे काही मोठे शहर नव्हे. आग्रा-मुंबई रस्त्यावर, महूच्या पुढे, विंध्याचा उतार लागण्याच्या तोंडाशी वसलेले हे गाव. जानापावचा डोंगर हाकेच्या अंतरावर. येथील मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. मराठी राहते ती आजीशी बोलण्यापुरती. रविवारच्या वर्गात आम्ही त्यांना धडे वाचून दाखवीत असू. मुले बिचारी ऐकत, पण त्यांचे डोळे घड्याळाकडे असत. शेवटी एके दिवशी आम्हीच पुस्तक मिटले आणि म्हटले, ‘आता वाचण्यासारखे काहीतरी तुम्हीच तयार करा.’

विषय कोणता घ्यावा, यावर फार वाद झाला नाही. वर्गात चौदा मुलेमुली. त्यांत एक मुलगी पेटी शिकत होती, एक मुलगा ढोलक बरा वाजवीत असे आणि उरलेल्या सर्वांच्या कानांत दिवसभर फोनमधील गाणी. तेव्हा संगीत हाच विषय ठरला.

पहिल्याच रविवारी मुलांनी कच्चा आराखडा आणला. त्यात सिनेनटांची छायाचित्रे होती, गाजलेल्या गाण्यांची यादी होती आणि मधोमध एका गाण्याचे सबंध शब्द उतरवलेले होते. आराखडा देखणा होता, यात शंका नाही. आम्ही एवढेच विचारले, ‘हे सगळे वाचकाच्या हातातील फोनमध्ये आहेच. मग त्याने तुमचा कागद का उघडावा?’ वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, ‘सर, मानपुरात आणि महूला पूर्वी कोण काय वाजवायचे, ते फोनला नाही सांगता येत. आमच्या आजोबांना येते.’

नियतकालिकाची आखणी रंगापासून किंवा चित्रापासून सुरू होत नाही, तर ‘हे कोणासाठी आणि कशासाठी?’ या प्रश्नापासून सुरू होते, हे आम्ही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते मुलांकडून शिकलो.

पूर्वसूरींनी काय केले

नवे काम हाती घेताना ते आधी कोणी केले आहे का, हे पाहावे, असा आमचा शिरस्ता आहे. संगीताची नियतकालिके आपल्याकडे नवी नाहीत. उत्तर प्रदेशातील हाथरस येथून काका हाथरसी यांनी १९३५ साली ‘संगीत’ हे हिंदी मासिक सुरू केले. मराठी वाचकांना अधिक जवळचे म्हणजे ‘संगीत कला विहार’. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ साली निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले आणि त्या मंडळाने १९४७ मध्ये हे मासिक काढले. प्राध्यापक बी. आर. देवधर हे त्याचे संपादक होते. देवधर स्वतः पलुसकरांचे शिष्य. मुंबईत त्यांचे संगीत विद्यालय. मोठमोठ्या गवयांना गाठून, त्यांच्याशी बोलून, त्यांची गायकी, शिस्त आणि स्वभाव त्यांनी शब्दांत उतरवून ठेवले. ते लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात संगृहीत झाले.

देवधरांचे आणि आपल्या माळव्याचे नाते आणखी एका बाजूने आहे. कुमार गंधर्व हे त्यांचेच शिष्य. क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली ते देवासला येऊन राहिले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत राहिली. त्यांतून त्यांच्या गाण्याला जे नवे वळण मिळाले, ते सर्वश्रुत आहे. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा पेटी शिकणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे ती गाणी गाणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली आहेत का?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. परंतु हा प्रश्न पुढे आमच्या सगळ्या कामाला पुरला.

नाव आणि मुखपृष्ठ

नावासाठी फळ्यावर वीस-बावीस शब्द लिहिले गेले. ‘सूरसंगम’, ‘झंकार’, ‘स्वरांजली’ अशी नावे भराभर आली. ती अगोदरच कोणा ना कोणाची असणार म्हणून तितक्याच भराभर पुसली गेली. शेवटी ढोलकवाल्या मुलाने सुचविले, ‘सम’. तालाचे आवर्तन जेथून सुरू होते आणि गाणारा व वाजविणारा फिरून जेथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे सम. दोन अक्षरे, उच्चाराला सोपी आणि अर्थाला खोल. सर्वांनी माना डोलावल्या, आणि समेवर मान डोलतेच!

लहान नावाचा फायदा मुखपृष्ठावर कळतो. अक्षरे मोठी काढता येतात आणि हातभर अंतरावरून वाचता येतात. मुलांचा मोह असा की पानावर जेवढी जागा असेल तेवढी भरून टाकावी. आम्ही त्यांना तबल्याचे उदाहरण दिले. सतत बोल वाजविणारा तबलजी चांगला नव्हे. कोठे थांबावे हे ज्याला कळते तो चांगला. कोरी जागा ही कागदावरील विश्रांती आहे. तेव्हा मुखपृष्ठावर वर नाव, मध्ये एकच चित्र आणि खाली अंकाचा महिना, एवढेच ठेवले. रंग फक्त मुखपृष्ठाला. आतील पाने काळ्या शाईत. यात सौंदर्यदृष्टी किती आणि काटकसर किती, हे ट्रस्टचे खजिनदार जाणतात.

सोळा पानांचे गणित

पुष्कळांना हा भाग रुक्ष वाटेल. पण मुलांना तो सर्वांत आवडला, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

ए-फोर आकाराचा कागद मधोमध घडी घातला की त्याची चार पाने होतात. असे चार कागद एकात एक घालून मध्ये टाचले की सोळा पानांची पुस्तिका तयार होते. म्हणून अशा पुस्तिकेची पाने नेहमी चाराच्या पटीत असावी लागतात. चौदा पानांचा मजकूर असेल तर दोन पाने कोरी जातात आणि सतरा पानांचा असेल तर एक पान गाळावे लागते.

आता गंमत अशी की छापताना पाने क्रमाने येत नाहीत. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला सोळावे आणि पहिले पान, तर पाठीमागे दुसरे आणि पंधरावे. प्रत्येक वेळी शेजारच्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज सतरा येते. सर्वांत आतल्या कागदावर आठवे आणि नववे पान शेजारी शेजारी येतात. तेथेही बेरीज सतराच. हे सूत्र आम्ही सांगितले नाही. वहीचे कागद घडी घालून, त्यांवर पेन्सिलीने आकडे घालून आणि मग ते उलगडून मुलांनी ते स्वतः शोधले. कच्चा अंक हाताने करून पाहण्याचे महत्त्व यातच आहे. संगणकाच्या पडद्यावर सगळी पाने एकामागून एक दिसतात. घडी दिसत नाही.

पानांची वाटणी येणेप्रमाणे झाली : पहिले मुखपृष्ठ, दुसऱ्यावर संपादकीय आणि अनुक्रम, तीन ते पाच इंदूरच्या गवयांवरील लेख, सहा व सात वाद्यांची ओळख, आठ व नऊ स्वरलिपी, दहा ते बारा मुलाखत, तेरावर लग्नातील गाण्यांविषयी टिपण, चौदावर संगीतातील शब्दांचे कोडे, पंधरावर वाचकांना विनंती आणि शेवटचे मलपृष्ठ. वाद्यांच्या पानांवर एकीकडे सारंगी आणि दुसरीकडे भिल्लांचा मांदळ, अशी बरोबरीची जागा दिली. बाजाराच्या दिवशी ज्याचा आवाज आपण ऐकतो, तो मांदळ पुस्तकात कधी दिसत नाही, अशी मुलांचीच तक्रार होती.

एका टिंबाची किंमत

संगीताच्या नियतकालिकाची खरी परीक्षा स्वरलिपीत आहे. कागद मुका असतो. त्याला बोलते करण्यासाठी आपल्याकडे मुख्यतः दोन पद्धती आहेत, एक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आणि दुसरी पलुसकरांची. दोन्ही थोर, पण दोहोंची चिन्हे वेगळी. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले तर तो तार सप्तकातला आणि खाली दिले तर मंद्र सप्तकातला. पलुसकरांच्या पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्राचे आणि तारासाठी वर उभी रेघ. समेला भातखंडे फुली मांडतात, तर पलुसकर एकचा आकडा. खालीला भातखंडे शून्य लिहितात, तर पलुसकर अधिकचे चिन्ह. म्हणजे एकच टिंब एका पुस्तकात गळा वर नेते आणि दुसऱ्या पुस्तकात खाली आणते! तेव्हा आपण कोणती पद्धत वापरतो, हे पानाच्या माथ्यावर सांगणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य होय. आम्ही भातखंडे पद्धत घेतली आणि तिची चिन्हे चौकटीत दिली.

टिंबाचा हा महिमा मुलांना सांगताना आम्हांला आमचे बालपण आठवले. वडील आम्हांला उर्दू लिहावयास शिकवीत, तेव्हा ते ‘खुदा’ आणि ‘जुदा’ हे दोन शब्द पाटीवर काढून दाखवीत. उर्दू लिपीत दोहोंचा आकार एकच. वर नुक्ता दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. ‘बेटा, नुक्ता हे शोभेसाठी नसते,’ असे ते म्हणत. स्वरलिपीतही तसेच. देवनागरीत एक अडचण अधिक आहे. डोक्यावरचे टिंब अनुस्वारासारखे दिसते, त्यामुळे तार सप्तकातील गंधार ‘गं’ असा वाचला जातो. यावर उपाय एकच. स्वरांच्या ओळीचे अक्षर आणि गीताच्या शब्दांचे अक्षर निरनिराळ्या जाडीचे ठेवावे, म्हणजे डोळ्याला लगेच कळते की ही ओळ म्हणावयाची नसून गावयाची आहे.

दुसरी अडचण रुंदीची. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मांडावयाच्या तर सोळा सारखी घरे हवीत. आमचे पान जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडचे समास सोडले तर एका घराला साडेसात मिलिमीटरदेखील येत नाहीत. एका मात्रेत दोन स्वर आले की दाटी होते. मुलांनी आधी अक्षर बारीक केले, ते आजीआजोबांना वाचवेना. मग कोणाच्या तरी लक्षात आले की आठवे आणि नववे पान हे एकाच अखंड कागदावर आहेत. मग काय, आठ मात्रा डाव्या पानावर आणि आठ उजव्या पानावर! पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. आमची बंदिशही तशीच होती. त्यामुळे डाव्या पानावर नऊ ते सोळा मात्रा बसल्या आणि उजव्या पानाच्या पहिल्याच घरात सम आली. घडीच्या रेघेवरून उडी मारून डोळा समेवर उतरतो. मुलांना इतका आनंद झाला की वर्ग संपल्यावरही कोणी उठेना.

परंतु आनंदाबरोबर फजितीही आली. ती न लपविता सांगितली पाहिजे. स्वरलिपी मालकंसाची होती. मालकंसात गंधार, धैवत आणि निषाद कोमल. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. म्हणजे ओळ अशी हवी : सा ग॒ म ध॒ नि॒ सां. आमच्या वर्गातील संगणकावर ती ठीक होती. छपाईच्या दुकानी फोनवरून पाठविताना सगळ्या खालच्या रेघा गळून पडल्या. प्रूफ आले ते असे : सा ग म ध नि सां. आम्ही ते दोनदा वाचले. अक्षर न् अक्षर बरोबर! सही करून परत पाठविणार, इतक्यात पेटी शिकणाऱ्या मुलीने ते पुढ्यात घेऊन वाजविले आणि ती थांबली. ‘सर, हा मालकंस नाही.’

तिचे खरे होते. ते पाचही स्वर शुद्ध केले की जो राग उरतो त्याला भिन्न षड्ज म्हणतात. तोही सुंदर राग आहे, पण मालकंसाच्या नावाखाली तो छापणे म्हणजे एकाच्या पत्त्यावर दुसऱ्याचे पत्र टाकणे. याच रीतीने यमनातील मध्यमावरची उभी रेघ गळली तर बिलावलाचे स्वर उरतात. चूक दुकानाची म्हणावी, तर आम्ही दोनदा वाचून ती पाहिली नव्हती. त्या दिवसापासून वर्गात नियम झाला की स्वरलिपीचे प्रूफ डोळ्यांनी वाचावयाचे नाही, पेटीवर वाचावयाचे.

रेघा का गळल्या, हेही मुलांनी शोधून काढले. आम्ही त्या अधोरेखनाच्या सोयीने ओढल्या होत्या. तशी रेघ ही अक्षराची सजावट असते, अक्षर नव्हे. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला की सजावट मागे राहते. परंतु युनिकोड या संगणकाच्या सर्वमान्य लिपिसंचात वेदपठणाची स्वरचिन्हे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. त्यांतील अनुदात्ताची खालची आडवी रेघ कोमल स्वराला आणि स्वरिताची वरची उभी रेघ तीव्र मध्यमाला वापरता येते. ती चिन्हे अक्षराचाच भाग असल्यामुळे प्रवासात गळत नाहीत. वेदांच्या रेघा मालकंसाच्या उपयोगी पडल्या आणि त्या बसविल्या एका मुसलमान मास्तराच्या वर्गात, याचे आम्हांला मोठे समाधान वाटले.

खरे ते किती

इंदूरच्या गवयांवरील लेखात उस्ताद अमीर खाँ येणे क्रमप्राप्त होते. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे सारंगीवादक. अमीर खाँसाहेब इंदूरला वाढले, इंदूर घराण्याचे म्हणून जगभर ओळखले गेले, १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले. येथपर्यंत सर्व पुस्तकांचे एकमत. पण जन्म कोठे झाला? तीन मुलांनी तीन ठिकाणी पाहिले आणि तीन उत्तरे आणली : कलानौर, अकोला आणि इंदूर. वर्गात भांडण जुंपले. इंदूरचेच छापावे, कारण आपले नियतकालिक इंदूर जिल्ह्यातले, असा बहुमताचा कौल पडला.

आम्ही त्यांना सांगितले की जन्मस्थान मतदानाने ठरत नाही. जेथे जाणकारांत मतभेद आहे, तेथे मतभेद आहे असेच छापावे. त्यात कमीपणा नाही. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला, हे निर्विवाद आहे; ते अभिमानाने लिहा. पण गावाच्या प्रेमापोटी दुसऱ्याचा जन्म आपल्याकडे ओढून आणू नका. शेवटी लेखात तिन्ही गावे आली आणि पुढे वाक्य आले की खाँसाहेबांचे गाणे मात्र इंदुरात घडले. हे वाक्य एका सातवीतल्या मुलाचे आहे.

विचारल्यावाचून नाही

पहिल्या आराखड्यात सिनेमातील एका गाण्याचे सबंध शब्द होते, ते आम्ही काढावयास लावले. मुलांना नवल वाटले, कारण ती गाणी सर्वत्र आहेत. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या शब्दांवर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क असतो. गाण्याविषयी लिहावे, त्याची चाल कशी आहे हे सांगावे, आपले मत द्यावे. पण सबंध गाणे परवानगीवाचून छापू नये. लेखकाची मिळकत ही घरासारखीच मिळकत आहे. तिला भिंत दिसत नाही एवढेच.

कायद्यापलीकडचीही एक परवानगी असते. गावातील काही वृद्ध स्त्रियांना लग्नातील जुनी गाणी येतात. मुली त्यांच्याकडे फोन घेऊन गेल्या. बायांनी तास दोन तास हौसेने गाणी म्हटली, चहा पाजला. पण फोन वर उचलताच एक आजी म्हणाल्या, ‘बाई गं, लिहून घ्या हवे तर, आवाज नको. हे घरातले गाणे आहे.’ मुली हिरमुसल्या होऊन परतल्या. कागदावर क्यूआर कोडचा ठिपक्यांचा चौकोन छापला की वाचकाने फोन धरताच गाणे ऐकू यावे, अशी त्यांची योजना होती. ती तेथे सोडून द्यावी लागली. तेराव्या पानावर गाणी कोणत्या प्रसंगी म्हणतात, हळदीला कोणती, पाठवणीला कोणती, एवढेच आले. आणि खाली त्या सर्व आजींची नावे, अर्थात त्यांना विचारून. आवाज नाही मिळाला, पण विश्वास मिळाला. त्यातील एक आजी हल्ली दर रविवारी वर्गात येऊन बसतात.

‘व साथीदार’

आता शेवटची गोष्ट. आमच्या मते सर्वांत महत्त्वाची.

मुलाखतीसाठी मुलांनी गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांना गाठले. तरुणपणी ते महूच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असत. महू छावणीचे गाव. बँडच्या वाद्यांना तेथे तोटा नव्हता. त्यांनी ट्रंकेतून एक छायाचित्र काढून दिले. अकरा माणसे गणवेशात दोन रांगांत उभी आहेत. खाली छापील ओळ होती. तीत बँडच्या मास्तरांचे नाव आणि पुढे दोन शब्द, ‘व साथीदार’. ज्या गृहस्थांच्या ट्रंकेत ते चित्र इतकी वर्षे जपून ठेवलेले होते, ते स्वतः त्या दोन शब्दांत होते.

मुले गप्प झाली. मग त्यांनी एक एक चेहऱ्यावर बोट ठेवून नावे विचारली. म्हातारबाबांनी नऊ नावे सांगितली. दोन काही केल्या आठवली नाहीत. मुलाखत लिहून झाल्यावर मुले पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती अक्षरशः वाचून दाखविली, कारण त्यांची नजर आता काम देत नाही. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली, एक ठिकाणी ‘हे गाळा, त्याची मुले वाचतील’ असे म्हणाले. ते गाळले. आपल्याविषयी काय छापले जाणार, हे आधी ऐकण्याचा अधिकार माणसाला असला पाहिजे, असे आमचे मत आहे.

छायाचित्र अकराव्या पानावर घेतले. चित्राखालील ओळ लांबली आणि पान बिघडते, अशी मांडणी करणाऱ्या मुलाची तक्रार आली. आम्ही म्हटले, चित्र लहान करा, नावे लहान करू नका. ‘सम’च्या कोणत्याही अंकात ‘व साथीदार’, ‘व इतर’, ‘वगैरे मंडळी’ हे शब्द चित्राखाली छापावयाचे नाहीत, असा ठराव मुलांनी फळ्यावर लिहिला. तो अजून पुसलेला नाही. जी दोन नावे मिळाली नाहीत, तेथे लिहिले : ‘डावीकडून चौथे व नववे, नावे मिळाली नाहीत. कोणी ओळखत असल्यास कळवावे.’

अंकाच्या साठ प्रती काढल्या. त्यात उणिवा राहिल्याच. मुखपृष्ठ अपेक्षेपेक्षा काळपट आले, कोड्यातील एक उत्तर चुकले आणि टाचण थोडी तिरपी बसली. परंतु अंक वाटल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात महूहून एक बाई आपल्या नातवाला घेऊन वर्गात आल्या. हातात ‘सम’ची प्रत, अकरावे पान उघडलेले. त्यांनी डावीकडून चौथ्या माणसावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘हे माझे वडील. युफोनियम वाजवायचे. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.’

मुलांनी लगेच नाव लिहून घेतले. दुसऱ्या अंकात ते छापले जाईल. त्या बाईंना छायाचित्राची मोठी प्रत करून दिली.

नवव्या माणसाचे नाव मात्र अद्याप मिळालेले नाही. ज्युबिलीच्या दिवशी ट्रस्टच्या सभागृहात दाराजवळ ते छायाचित्र मोठे करून लावण्यात येणार आहे. पाठच्या रांगेत, उजवीकडून तिसरे, हातात साइड ड्रम, टोपी थोडी कलती. सर्व सभासद बंधुभगिनींनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, जाता येता त्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहावे, अशी आमची आणि आमच्या चौदा संपादकांची नम्र विनंती आहे. तसेच आपापल्या घरातील जुनी छायाचित्रे एकदा काढावीत आणि जे कोणी ओळखू शकतील ते आपल्यात आहेत तोवर, पाठीमागे पेन्सिलीने सर्वांची नावे लिहून ठेवावीत. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूला उमटते.